लक्ष कुठंय तुझं?

गेल्या डिसेंबरात साताऱ्याला गेलो होतो तेव्हा माळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक खाली काढली. आईला दिवाणखाना रंगवायचा होता आणि त्याआधी 'हे भंगार एकदाचं मार्गी लाव' अशी माझ्या नावे ऑर्डर निघाली होती. ट्रंकेत माझ्या धाकट्या काकाचं सामान होतं. कंपासपेटी, टी-स्क्वेअर, वर्तमानपत्रांतून कापून वहीत चिकटवलेले विश्वनाथन आनंदचे डाव, आणि अगदी तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक टाइप केलेला कागद. सन १९८५. काका तेव्हा एका बांधकाम ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. मेमोत दोनच ओळी. कामात लक्ष राहत नाही, वारंवार समज देऊनही सुधारणा नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी नोकरी गेली आणि पुढं दीड वर्षानं आजाराला नाव मिळालं: स्किझोफ्रेनिया. मधल्या काळात देवऋषी झाले, उपास झाले, लग्न करून दिलं की ताळ्यावर येईल असा सल्ला देणारेही झाले. सुदैवानं तो सल्ला आजोबांनी ऐकला नाही.

मला कळायला लागलं तेव्हा काका घरीच असायचा. आम्हा मुलांना त्याची भीती कधी वाटली नाही, कारण तो आमच्याशी बुद्धिबळ खेळायचा. पण खेळता खेळता मधेच थांबायचा. हात प्याद्यावर, नजर खिडकीकडे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. "लक्ष कुठंय तुझं?" हा आमच्या घरातला सर्वांत जास्त उच्चारला गेलेला प्रश्न असेल. आजी विचारायची, बाबा ओरडून विचारायचे, मी दहा वर्षांचा शहाणा होतो, मीही विचारायचो. आणि अशाच एका थांब्यात मी काकाचा उंट पटावरून उचलून खिशात घातला. डाव मी जिंकलो.

या गोष्टीकडे पुन्हा येईन. ट्रंक काढल्यापासून डोक्यात एक किडा वळवळत होता. 'लक्ष नाही' हे जे काकाच्या मेमोत लिहिलं होतं, ते डॉक्टरांच्या वह्यांत कधीपासून लिहिलं जातंय? आणि लक्ष इथं नसतं तेव्हा ते नक्की असतं कुठं? मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. पण आमच्या धंद्यात सिस्टिम का अडकते हे शोधायला जुने लॉग वाचायची सवय लागते. तसे हे जुने लॉग वाचत गेलो.

सुरुवात करावी लागते एमिल क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरापासून. हा गृहस्थ मूळचा लाइपझिगच्या विल्हेल्म वुंटचा शिष्य. मानसशास्त्र प्रयोगशाळेत आणून मोजमाप सुरू करणारा तो वुंट. क्रेपेलिनला पहिली मोठी नोकरी मिळाली १८८६ मध्ये, आजच्या एस्टोनियातल्या डोर्पाट गावी. तिथं एक मजेशीर अडचण झाली. बरेचसे रुग्ण एस्टोनियन बोलायचे आणि साहेबांना ती भाषा येत नव्हती. दुभाषा लावून वेड्याचं मन कसं कळणार? मग त्यानं रुग्ण काय बोलतो यापेक्षा कसा वागतो, महिन्या-वर्षांनी त्याचं काय होतं, यावर भर दिला. पुढं हायडेलबर्गला आल्यावर तो प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड लिहू लागला. ती कार्डं सुट्टीत बरोबर न्यायचा आणि पुन्हा पुन्हा लावून बघायचा. माझ्यासारख्याला हे वाचताना तो लगेच आपल्या बिरादरीतला वाटतो. डेटाबेसच तो, फक्त पुठ्ठ्याचा.

त्या कार्डांतून त्यानं १८९० च्या दशकात एक आजार वेगळा काढला, 'डिमेन्शिया प्रीकॉक्स', म्हणजे तरुणपणीच बुद्धी ढासळणं. त्याच्या वर्णनात लक्षाचा मुद्दा ठळक आहे. या माणसांना स्वतःहून एखाद्या गोष्टीवर बराच काळ मन धरून ठेवता येत नाही, आणि तशी इच्छाही राहत नाही, असं त्यानं नोंदवलं. काकाच्या मेमोचा हा पहिला मसुदा म्हणायला हरकत नाही.

पण क्रेपेलिनचीच दुसरी बाजू मला जास्त रंजक वाटली. त्याच्या प्रयोगशाळेत लोकांना बसवून एकाखाली एक लिहिलेले आकडे सलग बेरीज करायला लावत. दर ठरावीक मिनिटांनी किती बेरजा झाल्या त्याचा आलेख काढायचा. १९०२ मध्ये त्यानं या 'कामाच्या आलेखा'वर निबंध लिहिला. आलेख कधीच सरळ रेषेत नसायचा. सराव, थकवा, उत्साह, सगळ्यांचे चढउतार त्यात दिसायचे, आणि ही सगळी चांगली धडधाकट माणसं! शिवाय हा कडक शिस्तीचा प्रोफेसर झोपेतून उठल्या उठल्या स्वप्नात ऐकलेली-बोललेली विचित्र वाक्यं टिपून ठेवायचा. १९०६ मध्ये त्यानं अशा २८६ नमुन्यांचा अभ्यास छापला. बरेचसे नमुने स्वतःच्याच स्वप्नांतले. रुग्णांच्या तुटक बोलण्याशी त्यांचं साम्य आहे, असं त्याला वाटत होतं. म्हणजे दिवसा ज्यांच्या मनाला तो ढासळलेलं म्हणत होता, रात्री त्यांच्याच भाषेत तो स्वतः बोलत होता.

आता स्वित्झर्लंडला जाऊ. झुरिकजवळच्या झोलिकॉन गावात शेतकरी कुटुंबात १८५७ मध्ये ऑइगेन ब्लॉइलर जन्मला. तिथल्या बुर्गहोल्झ्ली या मनोरुग्णालयाचे आधीचे प्रमुख जर्मनीहून आलेले प्रोफेसर, रुग्ण मात्र स्विस बोली बोलणारे. कोल्हापूरच्या माणसानं पुण्याच्या शुद्ध मराठीतल्या डॉक्टरपुढं बसावं तसा प्रकार, किंबहुना त्याहून वाईट. ब्लॉइलर घरचीच बोली बोलायचा. त्याच्या सख्ख्या बहिणीला हाच आजार होता आणि पुढं तो बुर्गहोल्झ्लीचा प्रमुख असताना ती त्याच्याच घरी राहायची. त्याआधी १८८६ पासून बारा वर्षं तो ऱ्हाइन नदीकाठच्या ऱ्हाइनाउ इथल्या संस्थेत रुग्णांबरोबर राहिला. त्यांच्याबरोबर काम केलं, फिरायला गेला, गप्पा मारल्या, वह्या भरल्या.

२४ एप्रिल १९०८ ला बर्लिनमधल्या एका सभेत त्यानं 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द पहिल्यांदा मांडला आणि १९११ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. ग्रीक भाषेत 'स्किझो' म्हणजे दुभंगणं, 'फ्रेन' म्हणजे मन. आपल्या मराठीत त्याचं 'छिन्नमनस्कता' झालं. सिनेमावाल्यांनी मात्र त्याचा अर्थ 'एका माणसात दोन माणसं' असा लावून घोळ घातला. ब्लॉइलरला तसं काहीच म्हणायचं नव्हतं. विचाराला विचार जोडणारा धागा सैल होतो, असं त्याचं म्हणणं. आपण 'आंबा' म्हटलं की कोकण आठवतं, कोकणावरून मे महिना, आजोळ. ही साखळी कुठंतरी जायचं म्हणून जात असते. तो हेतूच सुटला की मन वाटेल त्या कडीवर उडी मारतं. आतल्या जगात गुंग होण्यासाठी त्यानं 'ऑटिझम' असा शब्द घडवला. आज तो शब्द पूर्णपणे वेगळ्या अर्थानं वापरला जातो, पण मूळचा तो इथला. १९१२ च्या लेखात त्यानं स्पष्ट लिहिलं की या प्रकारचा विचार निरोगी माणसंही करतात: दिवास्वप्नांत, मुलांच्या खेळात, कवितेत.

आणि त्यानं एक निरीक्षण नोंदवलं, ज्यापाशी मी रात्री दोन वाजता वाचता वाचता थबकलो. वर्षानुवर्षं पाठ फिरवून बसलेले, कशातच लक्ष नाही असे वाटणारे रुग्ण पुढं कधीतरी बोलू लागतात, तेव्हा वॉर्डात काय काय घडलं ते बारीकसारीक तपशिलांसह सांगतात. क्रेपेलिनलाही हे माहीत होतं. मनावर ताबा नाही, पण मन बंदही नाही.

उंटाची गोष्ट इथं सांगून टाकतो. डाव जिंकल्यावर मी महिनाभर मिरवत होतो. पुढं मी अकरावीत असताना, म्हणजे सहा-सात वर्षांनी, काकाला नवीन औषध बरं मानवलं होतं तेव्हा एकदा आम्ही पट मांडला. सोंगट्या लावता लावता तो सहज म्हणाला, "तो उंट तू उजव्या खिशात घातला होतास. मंगळवार होता. आईनं थालीपीठ केलं होतं." रागानं नाही, चिडवायलाही नाही. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. ब्लॉइलर वाचताना मात्र हसू आलं नाही.

बुर्गहोल्झ्लीत त्या काळी एक तरुण सहायक होता, कार्ल युंग. पुढं फार मोठा झाला, फ्रॉइडशी मैत्री आणि भांडण वगैरे. पण १९०४ ते १९०६ च्या सुमारास तो आणि त्याचा सहकारी फ्रान्झ रिक्लिन एक साधा प्रयोग करत होते. एक शब्द उच्चारायचा आणि समोरच्यानं मनात पहिला येईल तो शब्द सांगायचा, स्टॉपवॉच लावून. त्यांनी निरोगी माणसांना हे करताना बरोबरीनं मेट्रोनोमच्या ठेक्यावर पेन्सिलीनं खुणा करायला लावल्या, म्हणजे मुद्दाम लक्ष विभागलं. झालं काय, तर उत्तरं एकदम उथळ झाली. अर्थाऐवजी यमक, नादावरून शब्द. लक्ष फाटलं की निरोगी माणसाचंही मन थोडंफार तसं चालतं, हे शंभर वर्षांपूर्वी कागदावर आलेलं होतं. दुर्दैवानं त्यावेळी लोकांना यापेक्षा गुंतागुंतीच्या सिद्धांतांचं वेड होतं आणि हा साधा धागा बराच काळ तसाच पडून राहिला.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलात डेव्हिड शॅको या मानसशास्त्रज्ञानं तो १९३० च्या दशकात वेगळ्या बाजूनं उचलला. 'तयार' म्हणायचं, थोडा वेळ थांबायचं, मग खूण झाली की रुग्णानं बटण सोडायचं. मधला वेळ थोडका असेल तर रुग्ण ठीकठाक. तो जसा लांबेल तसा त्यांना, निरोगी माणसांच्या मानानं, आधी मिळालेल्या सूचनेचा उपयोगच होईनासा होई. मुख्य कामाची तयारी टिकवून धरणं अवघड, मधल्या छोट्या-मोठ्या गोष्टी मनाला ओढून नेतात, असा शॅकोचा निष्कर्ष. ऑफिसातल्या माझ्या सोमवारच्या मीटिंगांचं हे तंतोतंत वर्णन आहे, पण विनोद बाजूला.

इथवर सगळे बाहेरून बघत होते. घड्याळ लावून, आलेख काढून. १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी इथं अँड्र्यू मॅकगी आणि जेम्स चॅपमन यांनी आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या २६ रुग्णांना साधा प्रश्न विचारला: तुम्हाला काय होतंय? उत्तरं त्यांनी जशीच्या तशी छापली. हा निबंध मी तीनदा वाचला. ही माणसं सांगत होती की लक्ष कुठंच जात नाही असं नाही, ते सगळीकडेच जातं. समोरच्याचं बोलणं ऐकायचं असतं, पण त्याच वेळी शेजारच्या खोलीतला आवाज, बाहेरची गाडी, भिंतीचा रंग, स्वतःच्या मनातला एखादा विचार, सगळं एकाच जोरानं आत शिरतं. नको असलेलं बाहेर ठेवता येत नाही. बोलायला सुरुवात करावी तर आजूबाजूचे शब्द येऊन चिकटतात. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९५८ मध्ये, डोनाल्ड ब्रॉडबेंटनं इंग्लंडात लक्ष म्हणजे एक गाळणी आहे असा सिद्धांत मांडला होता. डंडीच्या डॉक्टरांनी तो इथं लावला. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेसर व्यवस्थित आहे, पण प्रत्येक इंटरप्टला सारखीच प्रायॉरिटी मिळतेय. असा सर्व्हर बाहेरून बघणाऱ्याला 'हँग' वाटतो. आतून तो मरणाचा बिझी असतो.

पण गोष्ट इथं अर्धीच होते. बाहेरचं आत शिरतं हे ठीक. आतलं जे सुरू असतं, त्याचं काय? आपण काहीच करत नसतो तेव्हा मेंदू काय करतो?

जर्मनीत येना गावच्या हान्स बर्गरनं १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या विद्युतलहरी पहिल्यांदा कागदावर उतरवल्या आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. माणूस डोळे मिटून स्वस्थ पडला तरी लहरी चालूच. मेंदू कधी बंद नसतो, असं तो म्हणत राहिला. अमेरिकेत सेमूर केटीनं १९४८ मध्ये मेंदूतला रक्तपुरवठा मोजला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा आणि निरोगी माणसांचा एकूण आकडा सारखाच निघाला. १९५५ मध्ये त्याचा सहकारी लुई सोकोलॉफ आणि मंडळींनी लोकांना मनातल्या मनात गणितं करायला लावली, तरीही मेंदूला लागणारा ऑक्सिजन एकूणात वाढला नाही. म्हणजे गणित न करणारा मेंदूही तेवढाच राबत होता! वजनानं शरीराच्या २ टक्के असलेला हा अवयव २० टक्के ऊर्जा खातो आणि आपण कामाला लागलो तर त्यात जेमतेम ५ टक्क्यांपर्यंत भर पडते. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला तर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९० टक्क्यांच्या वर दिसते, म्हणजे मशीन मोकळं बसलंय. मेंदूत तसली प्रोसेसच नाही.

स्वीडनमध्ये लुंड इथं डेव्हिड इंगव्हारनं १९७० च्या दशकात मेंदूच्या वेगवेगळ्या भागांचा रक्तपुरवठा मोजला. स्वस्थ पडलेल्या निरोगी माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग जास्त जोरात चालतो असं त्याला दिसलं. मन आपणहून इकडंतिकडं फिरतंय, पुढचे बेत आखतंय, असा त्याचा अर्थ त्यानं लावला. १९७४ मध्ये त्यानं आणि फ्रान्झेननं स्किझोफ्रेनियाच्या जुन्या रुग्णांत हाच पुढचा भाग तुलनेनं मंद असल्याचं दाखवलं. म्हणजे आराम करणारं मन आणि हा आजार, दोन्ही पहिल्यांदाच एका चित्रात आले.

मग येतात नॅन्सी अँड्रिअसन. माझ्या या सगळ्या वाचनातल्या आवडत्या बाई. आधी इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट, मग वैद्यकीय शिक्षण, पुढं आयोवा विद्यापीठात स्किझोफ्रेनियावर संशोधन. मेंदूच्या प्रयोगांत तुलनेसाठी माणसाला 'काही करू नका, नुसते पडून राहा' म्हणतात. बाईंना प्रश्न पडला की नुसता पडलेला माणूस खरंच काही करत नसतो का? १९९५ मध्ये त्यांनी दाखवलं की त्यावेळी मेंदूचे काही ठरावीक भाग चांगलेच जागे असतात. माणसं आठवणींत, बेतांत, स्वतःविषयीच्या विचारांत भटकत असतात. त्यांनी त्याला नाव दिलं 'रँडम एपिसोडिक सायलेंट थिंकिंग'; आद्याक्षरं जुळवली की 'रेस्ट' होतं. साहित्याचं शिक्षण फुकट गेलं नाही. २००१ मध्ये सेंट लुईसच्या मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी याचा नकाशा पक्का केला. कपाळामागचा मधला भाग, डोक्याच्या मागच्या बाजूचा मधला भाग वगैरे मिळून एक जाळं, 'डिफॉल्ट मोड'. कुठलंही बाहेरचं काम हाती घेतलं की हे भाग आपोआप मंदावतात आणि काम संपलं की परत वेग घेतात.

२०१० मध्ये हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० लोकांना दिवसातून कधीही फोनवर विचारलं, 'आत्ता मन कुठं आहे?' जवळजवळ ४७ टक्के वेळा उत्तर आलं की हातातल्या कामाव्यतिरिक्त दुसरीकडे. मन हे हाकललं तरी पुन्हा पिकात शिरणारं ढोर आहे, हे आमच्या बहिणाबाईंनी जळगावच्या शेतात कुठल्याही फोनशिवाय सांगून ठेवलंय, ते निराळं.

मग काकात आणि माझ्यात फरक कशाचा? २००९ मध्ये बोस्टनजवळच्या संशोधकांनी, सुझन व्हिटफील्ड-गॅब्रिएली, लॅरी सीडमन वगैरे मंडळींनी, तीन गट घेतले: नुकताच आजार सुरू झालेले रुग्ण, त्यांचे आजार नसलेले सख्खे नातेवाईक, आणि तिसरे इतर. सगळ्यांना आठवणीत थोडं धरून ठेवण्याचं एक काम दिलं. इतरांच्या मेंदूतलं ते भटकंतीचं जाळं काम सुरू होताच खाली बसलं. रुग्णांचं खाली बसलं नाही. आतलं चालू राहिलं आणि बाहेरचंही सुरू झालं, दोन्ही एकदम. म्हणजे भटकणं हा आजार नव्हता. ते तर सगळेच करतात. परत यायचा खटका नीट पडत नव्हता. २०१५ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलच्या अभ्यासात रुग्णांनी कामाच्या वेळी मन भटकल्याचं जास्त वेळा सांगितलं, आणि ज्यांचे भास-भ्रम जास्त, त्यांचं भटकणंही जास्त दिसलं. असल्या अभ्यासांतले गट लहान असतात, त्यामुळे कुणीही एका लेखावरून आपल्या घरच्या माणसाचं निदान करू नये.

हे वाचताना मात्र मी दुसऱ्याच ओळीवर अडकलो होतो. ते नातेवाईक! त्यांना आजार कधीच झाला नव्हता, पण त्यांचंही जाळं इतरांइतकं खाली बसत नव्हतं. आमचे बाबा, काकावर सगळ्यात जास्त ओरडणारे, एकदा ऑफिसला चेतक घेऊन गेले आणि घरी चालत आले. स्कूटर चोरीला गेली म्हणून रात्री पोलीस चौकीवर जायची तयारी झाली होती. त्यांना आजाराचा अंश होता असं मी मुळीच म्हणत नाही. स्कूटर विसरणारे लोक सातारा जिल्ह्यात भरपूर आहेत. पण फोनवर त्यांना हा अभ्यास सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या मेमोवर मी त्याला मारलं होतं." मला हे माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं.

कोरियाचं आणखी एक सांगायचं राहिलं. जपानमध्ये या आजाराला 'मन दुभंगण्याचा आजार' असंच म्हणत. रुग्णांच्या कुटुंबीयांनी आग्रह धरला आणि २००२ मध्ये ते नाव अधिकृतपणे बदललं. कोरियानं २०११ च्या सुमारास जे नवं नाव घेतलं, त्यात तंतुवाद्याच्या तारा सुरात लावण्याची कल्पना आहे. आमच्या आजीच्या तंबोऱ्याच्या खुंट्या पावसाळ्यात हटकून उतरायच्या, त्यामुळे हे नाव मला लगेच पटलं. 'छिन्नमनस्कता' म्हटलं की फुटलेला माठ डोळ्यांपुढं येतो.

आपल्यासारख्या परदेशस्थ मराठी माणसांनी या बाबतीत काही केलं नाही असंही नाही. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. ही गोष्ट झाकून न ठेवता त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली, रुग्ण आणि घरच्यांसाठी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा चित्रपट उभा राहण्यामागंही त्यांचा मोठा हात होता. अतुल कुलकर्णींचा शेष माणसांत बसलेला असतो आणि मन कोकणातल्या देवराईत असतं. आम्ही तो साताऱ्यात सगळे मिळून पाहिला होता. काका मध्यंतरात उठून बाहेर गेला आणि परत आलाच नाही. थिएटरबाहेर शेंगा खात उभा होता. आजीला वाईट वाटलं, पण तिनं त्या दिवशी काही विचारलं नाही.

आता काका पासष्टीच्या पुढं गेलाय. गोळ्या नियमित, वर्षातून दोनेक वेळा थोडं खाली-वर. दर रविवारी सकाळी इथून व्हिडिओ कॉलवर आम्ही बुद्धिबळ खेळतो. तो त्याच्या पटावर, मी माझ्या. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "काका, मधेच थांबतोस तेव्हा तू जातोस कुठं?"

तो म्हणाला, "मी कुठं जातोय? सगळे इकडंच येतात."

मग त्यानं थोडं थांबून यादी दिली. त्या दिवशीची. कुकरच्या शिट्ट्या, खालच्या वाण्याकडचा रेडिओ, १९८५ मधल्या एका पुलाचं ड्रॉइंग ज्यात त्याच्या मते एक माप चुकलंय, आजीचा खोकला (आजी जाऊन नऊ वर्षं झाली), आणि माझा घोडा, जो मी दोन चालींनंतर कुठं नेणार हे त्याला दिसत होतं. घोड्याबाबत त्याचा अंदाज बरोबर होता.

हे सगळं छापायला त्याची परवानगी हवी होती म्हणून फोनवरच लेख वाचून दाखवला. क्रेपेलिनच्या भागात तो दोनदा उठून गेला. डंडीचा भाग त्यानं पुन्हा वाचायला लावला. संपल्यावर म्हणाला, "माझं नाव घालू नकोस. दादानं मारलेलं असू दे, त्याला विचारून घे. आणि उंटाचं काढू नकोस."

दादाला, म्हणजे बाबांना विचारलं. ते हो म्हणाले.